एक्केचाळीस लाल टिकल्या

मी होडीचा बांबू बोलतोय. होडी आता पाण्यात नाही, पण मला दुसरी ओळख नाही, म्हणून हीच सांगतो.

पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या बांबूच्या एका बेटातून वैजनाथ नावाड्याने मला तोडलं. महिनाभर सावलीत वाळवलं, अंगाला तेल चोळलं, खालच्या टोकाला लोखंडी टोपण बसवलं. "लई सरळ हाय," तो बायकोला, आनंदीबाईला म्हणाला. ती म्हणाली, "तुमच्यापरीस बराय." त्या दिवसापासून मी त्यांच्या घरातला झालो.

माझं काम सोपं होतं. नदीच्या तळाला टेकायचं आणि होडी पुढे लोटायची. पलीकडून खुरपणीला येणाऱ्या बाया, दुधाच्या किटल्या, एखादी सायकल. पुलावरून यायचं तर तासाभराचा वळसा. पाण्याला वास यायचा, जलपर्णी अंगाला गुंडाळायची. पुणं जे जे टाकून देतं, ते सगळं माझ्या पायाशी येऊन बसायचं. तरी मला नदी आवडायची. तिचा तळ मला ठाऊक होता.

खंडेनवमीला आनंदीबाई आधी होडीच्या नाकाला कुंकू लावायची, मग माझ्या कपाळाला. बांबूला कसलं कपाळ? पण तिला ते बरोबर सापडायचं.

मग तनया आली. परदेशात बंदरांचं नियोजन शिकून परतलेली, नदीकाठाचा आराखडा करणाऱ्या कार्यालयात नुकतीच लागलेली. ती होडीत बसली, चपला हातात घेऊन चिखलातून चालली आणि म्हणाली, "काका, हे आपल्या शहराचं छोटंसं बंदरच आहे. इथे पक्का धक्का झाला पाहिजे. पण मी ठरवणार नाही. तुम्ही सगळ्यांनी ठरवायचं."

वैजनाथ त्या रात्री जेवताना दोनदा म्हणाला, "आपुन ठरवायचं म्हनं." धक्का झाला तर होडी टिकणार होती, नाहीतर भिंत येऊन काठ बंद होणार होता. एवढं त्याला कळत होतं.

रविवारी चिंचेखाली जाजम अंथरलं, त्यावर काठाचा मोठा नकाशा, धक्का, भिंत, चालण्याचा पट्टा यांच्या जागा आखलेला. वारा सुटला होता. "काका, तुमचा बांबू ठेवू का यावर?" तनयाने विचारलं. वैजनाथ नाही कशाला म्हणेल? मी नकाशावर आडवा झालो. आयुष्यात पहिल्यांदा नदी मला वरून दिसली, निळी आणि स्वच्छ.

वैजनाथ आनंदीबाईला घेऊन पलीकडच्या बायांना आणायला गेला. माझ्यावाचून, हातात एक फळी घेऊन. इकडे दहा वाजले आणि तनयाने समजावून सांगितलं, "प्रत्येकाला एकच टिकली. जे हवं त्यावर हिरवी, जे नको त्यावर लाल." नव्या सोसायटीतल्या अनंतरावांनी चालण्याच्या पट्ट्यावर हिरवी टिकली लावली आणि बोट रुमालाला पुसलं.

बाया पोचल्या तेव्हा पावणेअकरा झाले होते.

"दहाची वेळ होती," अनंतराव म्हणाले. "नदी ओलांडायला मुहूर्त लागतो का?"

"मुहूर्त न्हाई, बांबू लागतो," वैजनाथ म्हणाला. "त्यो तुमच्या नकाशावर हाय."

सगळे हसले. हसण्याच्या नादात बायांना पुन्हा कुणी काही सांगितलं नाही. आनंदीबाई पुढे आली. समोर दोन डबे होते, एक हिरव्या टिकल्यांचा, एक लाल टिकल्यांचा. तिने नकाशावर धक्क्याची जागा विचारून घेतली, लाल टिकली उचलली आणि हलक्या हाताने तिथे लावली. मग बोट कपाळाला टेकवलं. तिच्यामागून एकेक बाई आली. एक्केचाळीस लाल टिकल्या. मी शेजारीच पडलो होतो. मला वाटलं, केवढा मान मिळाला आपल्या धक्क्याला!

तनयाचा चेहरा उतरला. पण तिने विचारलं नाही. लोकांच्या मतात ढवळाढवळ करायची नाही, असं ती शिकून आली होती.

दोन महिन्यांनी ती छापील आराखडा घेऊन आली. सरळ भिंत, वर चालण्याचा पट्टा, दिवे, बाकं.

"आन् धक्का?" आनंदीबाईने विचारलं.

"मावशी, तुम्हीच नको म्हणालात. एक्केचाळीस लाल."

"लाल म्हंजे नगं?" आनंदीबाई खालीच बसली. "अगं पोरी, कुंकू कुनी नगं म्हनून लावतं का? पयला मान दिला आमी त्याला."

तनया तशीच उठून कार्यालयात गेली. परत आली तेव्हा तिचा आवाज बसला होता. वरिष्ठांनी तिला सांगितलं होतं, "लोकांचं मत घेऊन झालंय. आता बदललं तर तो लोकांचा अपमान." तिने तीन अर्ज केले. मग तिची बदली झाली.

मला राहून राहून वाटतं, त्या दिवशी मी होडीत असतो तर बाया वेळेवर आल्या असत्या.

आता भिंत उभी आहे. होडी घरामागे पालथी आहे, तिच्याखाली कोंबड्या बसतात. वैजनाथ मांजरीतल्या एका इमारतीवर वॉचमन आहे. मला मजुरांनी बुडातून कापलं, सिमेंटमध्ये रोवलं आणि वर पाटी ठोकली: 'लोकसहभागातून साकारलेला नदीकाठ. पाण्यात उतरू नये.' नदी दहा पावलांवर आहे. तळ आता मला माहीत नाही.

वाचकहो, कुणाला विचारायला गेलात, तर उत्तर मोजण्याआधी एकदा त्यांच्याजवळ बसा. एवढंच मागणं आहे. ऐकलं जाईल असं वाटत नाही.

परवा खंडेनवमीला आनंदीबाई ताट घेऊन आली. माझं कपाळ शोधलं. तिथे पाटी होती. पाटीखाली थोडी जागा होती. तिने कुंकवात बोट बुडवलं, माझ्यापर्यंत आणलं आणि मध्येच थांबवलं. बोटाचं टोक त्या टिकल्यांसारखंच लाल दिसत होतं.

मग तिने ते पदराला पुसलं आणि ताट घेऊन ती परत गेली.