कोपरापर्यंत

पेटीत सोळा वस्तू होत्या. येसूबाईला वाचता येत नव्हतं, पण मोजता येत होतं, आणि सून जयवंता विहिरीवर गेली की ती रोज मोजायची. कात्र्या दोन, एक मोठी आणि एक नखांची. एनामलच्या वाट्या दोन, एकीत दुसरी बसणाऱ्या. नखं घासायचा ब्रश. कापसाची गुंडाळी. नाळ बांधायच्या दोऱ्याचं रीळ. बोरिक पावडरचा डबा. उग्र वासाच्या औषधाची बाटली, जिचं बूच तिनं एकदाच उघडून पाहिलं होतं. टॉवेल दोन. पांढरा झगा. रबरी कापडाचा तुकडा. बाळाचं वजन करायचा हूकवाला काटा. ताप मोजायची काचेची नळी, तिच्या पितळी डबीत. आणि लाल साबण.

पंधरा वस्तू होत्या तेवढ्याच राहत. साबण मात्र झिजे, म्हणून येसूबाई तो आडव्या बोटांनी मोजायची. दिवाळीत चार बोटं होता. पौषात तीन झाला. म्हणजे एका बोटाची बाळंतपणं जयवंतानं आपल्या हाताखालून काढून नेली, असा तिचा हिशोब होता.

तिची स्वतःची सामग्री जात्यामागच्या कोनाड्यात चिंधीत गुंडाळलेली असे. विळ्याचं पातं, सुताची गुंडी आणि एरंडेलाची शिशी. तीन वस्तू. त्या तीन वस्तूंवर तिनं निम्मं भिसेगाव जन्माला घातलं होतं.

वाईट याचं वाटे की ही पेटी तिनं आपणहून घरात आणली होती. दोन वर्षांपूर्वी, एकोणीसशे सत्तावीस साली, कर्जतच्या दवाखान्यात सुईणींचा वर्ग निघाला तेव्हा पहिलं बोलावणं तिलाच आलं होतं. ती गेली, पहिल्या रांगेत बसली. नर्सबाईंनी सगळ्यांना हात पुढे करायला सांगितलं. येसूबाईचं उजवं बोट मिश्रीनं काळं होतं आणि अंगठ्याचं नख चांगलं लांब होतं. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. नर्सबाई हसल्या नाहीत, त्यांनी फक्त विचारलं, "याच हातानं करता का?" येसूबाईनं पदर खोचला, घरी म्हैस व्यायची आहे असं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी आपल्या जागी सुनेला धाडलं. सून चार दिवसांत कंटाळून येईल अशी तिची अटकळ होती.

जयवंता कंटाळली नाही. शिकून आली, पेटी घेऊन आली. त्यानंतर गावात कुणाचे दिवस भरले की माणूस अंगणात उभा राहून हाक मारी, "जयवंता हाय का घरात?" येसूबाई ओटीवर समोर बसलेली असली तरी. शेजारची पारू तर मुद्दाम म्हणे, "तुझं बरं झालं येसू. आता बसून खा." आणि तिच्या मुलाच्या, सदूच्या लग्नाला चार वर्षं होऊनही जयवंताची कूस उजवली नव्हती. जिला स्वतःला एक कळ माहीत नाही, तिला लोक कळा काढायला बोलावतात, हे येसूबाईला मिरचीसारखं झोंबायचं. तिनं ते एकदोनदा बोलूनही दाखवलं. जयवंता ऐकून घ्यायची आणि पेटी उचलून निघायची, बांगड्या वाजवत.

त्या बांगड्यांवर येसूबाईचा डोळा होता. हिरव्या काचेच्या, दोन्ही हातांत सहा-सहा. नर्सबाईंचा नियम असा की बांगड्या काढायच्या, नखं कापायची आणि साबणानं कोपरापर्यंत धुवायचं. वर्गाच्या पहिल्या दिवशी जयवंता त्या उतरवून, पदराच्या गाठीत बांधून उघड्या हातांनी घरी आली होती. येसूबाईनं तिला उंबऱ्याबाहेरच थांबवलं होतं. "माझा ल्योक जिता हाय," ती म्हणाली होती. "त्याच्या नावाच्या बांगड्या पदरात बांधून फिरायला तो मेला नाय." जयवंतानं दारात उभ्यानंच बांगड्या भरल्या तेव्हा तिला आत घेतलं. मग जयवंतानं वाट काढली. बाळंतपणाला गेली की बांगड्या कोपराकडे सारायच्या आणि वर फडक्याची पट्टी घट्ट बांधायची.

ही पट्टी सुटते हे येसूबाईला ठाऊक होतं. मालोजीच्या सुनेच्या वेळी ती न बोलावता जाऊन दारात बसली होती. ऐन वेळी जयवंताच्या तीन बांगड्या पट्टीतून निसटून मनगटावर आल्या, आदल्या कुठल्या कुठल्या कामाचा मळ घेऊन. मालोजीच्या सुनेला पुढे चार दिवस ताप होता. ती वाचली, म्हणून कुणी मागचा विचार केला नाही. येसूबाईनं केला. तिनं तो कुणाला सांगितला नाही, आढीत आंबा ठेवावा तसा ठेवून दिला. नर्सबाई महिन्यातून एकदा भिसेगावात यायच्या. पुढच्या खेपेला, चार बायका जमलेल्या असताना, ती जयवंताला हात पुढे करायला लावणार होती.

त्याआधी सुंदरा आली.

सुंदरा तिची लेक, मोहोपाड्याला दिलेली, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. चौक गावावरून बैलगाडीनं येऊन तिचे पाय सुजले होते. येसूबाईनं ते चेपले, तिला वालाच्या शेंगा उकडून घातल्या आणि रात्री चिंधी सोडून पातं दगडावर लावून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सुंदरानं सांगितलं.

"आये, वयनीला करू दे."

येसूबाईला वाटलं, काही आणायला-बिणायला वहिनीला पाठवायचं असेल. "काय करू दे?"

"माझं बाळंतपण. माझी मोठी जाऊ बाळंतरोगानं गेली. नवव्या दिशी. अंग तव्यासारखं तापलेलं. मला भ्या वाटतं."

"ती मोहोपाड्याच्या सुईणीनं मारली. मी कुणाला मारलं?"

"तू नाय गं मारलंस."

"तुला माझी मीच काढली. तुझ्या भावाला बी माझ्या सासूनं याच पात्यानं सोडवला."

"तू माझ्या डोक्याशी बस ना, आये. मला तू डोक्याशी पायजेस."

"बरं," येसूबाई म्हणाली. मग तिनं दळण घातलं आणि घरात नाचणी पुरेशी दळलेली असताना आणखी दोन पायल्या दळली. जयवंता मधे एकदा हातभार लावायला बसली, तर तिनं खुंटा सोडला नाही.

कळा एका सकाळी सुरू झाल्या आणि दुपारी वाढल्या. सदू वालाच्या शेतावर होता. आत तिघीच. जयवंतानं पाणी उकळलं, कात्री आणि दोरा त्यात टाकला, सुंदराखाली रबरी कापड घातलं, पांढरा झगा चढवला. येसूबाई ठरल्याप्रमाणे डोक्याशी बसली आणि एकेक गोष्ट पाहत राहिली. कुठे तरी चुकावी, असं तिला वाटत होतं. लेकीच्या कपाळावरचा घाम पुसतानाही वाटत होतं.

जयवंतानं बांगड्या कोपराकडे सारल्या, पट्टी गुंडाळली, टोक दातात धरून गाठ मारली. साबण लावला. बोटं, तळवे, मनगटं. पट्टीपाशी येऊन हात थांबला. पट्टीत पाणी मुरलं, ती सैल झाली, आणि डाव्या हातातल्या दोन बांगड्या घसरत मनगटावर आल्या. फेस त्यांच्या आत करडा झाला होता.

येसूबाईनं ते पाहिलं. आढीतला आंबा पिकला होता. आता फक्त गप्प बसायचं होतं. ताप आला असता तर नर्सबाईंनी विचारलं असतं, गावानं विचारलं असतं, आणि उत्तर तिच्या एकटीपाशी होतं. पेटी परत गेली असती. माणसं पुन्हा अंगणात येऊन येसूबाईला हाक मारू लागली असती. एवढं सगळं तिच्या मनात एका क्षणात येऊन गेलं, आणि मांडीवरचं डोकं कळ आल्यानं इकडून तिकडे फिरलं.

"बांगड्या काढ," ती म्हणाली.

"काय?"

"कोपरापर्यंत धुवायचं ना? मंग काढ."

जयवंता उकिडवी बसली होती तशीच राहिली. "आत्याबाई, उघड्या हातानं आले तवा तुमीच मला भाईर उभी केली होती. तुमचा ल्योक जिता हाय म्हणाल्या होत्या तुमी."

"जिता हाय. वालात हाय. काढ."

"आता घट्ट झाल्यात. वाढवाव्या लागतील."

"त्वांड सांभाळ. माझ्या घरात कुणी बांगड्या वाढवत नाय." येसूबाईनं हात पुढे केला. "साबण दे इकडं. मीच करते. माझ्या हातात अडकायला काय नाय."

ते खरं होतं. तिचे हात सोळा वर्षं मोकळे होते. जयवंतानं साबणाऐवजी नखांची कात्री पुढे धरली. "आधी नखं," ती म्हणाली.

येसूबाईनं आपला अंगठा पाहिला. ते नख तिनं कैक वर्षं राखलं होतं, बाळाभोवतीची पाणमोट फोडायला. त्याच्या कडेला मिश्रीची काळी रेघ होती. सुंदरानं मान वळवून तेच नख पाहिलं.

"आये," ती एवढंच म्हणाली. मग पुढची कळ आली आणि तिनं दात आवळले. "तुमी दोगी नंतर भांडा गं."

येसूबाई उठली, फिरून जयवंताच्या समोर बसली आणि साबण घेतला. स्वतःच्या हाताला तिनं तो लावला नाही. जयवंताचा डावा पंजा तिनं फेसानं भरला, कासार करतो तसा अंगठ्याचा सांधा आत दाबून हात निमुळता केला आणि पहिली बांगडी फिरवत ओढली. ती आख्खी निघाली. तिच्या स्वतःच्या बांगड्या नदीवर दगडानं वाढवल्या होत्या. तेव्हा साबण कुणी आणला नव्हता.

ओली बांगडी हातात घेऊन ती इकडे तिकडे पाहू लागली. जमिनीवर ठेवायची नव्हती. नुसत्या हाताच्या सवाष्णीच्या बांगड्या खाली पडून राहिल्या तर सदूचं काय, हे जयवंताच्या तोंडावर दिसत होतं, आणि येसूबाईच्याही मनात तेच होतं. तिनं ती बांगडी आपल्या हातात चढवली. मग दुसरी. बाराच्या बारा तिच्या हातांत गेल्या. जयवंतानं पाहिलं आणि खाली मान घालून हात धुवायला घेतले, कोपरापर्यंत, दोनदा.

ऊन कलायच्या आत सुंदराला मुलगी झाली. जयवंतानं वार नीट सुटेपर्यंत वाट पाहिली, बाळ फडक्यात बांधून काट्याला लावलं आणि म्हणाली, "सहा पौंड." येसूबाई डोक्याशी बसून लेकीचे केस मागे सारत होती. दरवेळी बांगड्या वाजत. आवाज तिच्या जवळून येत होता, आणि तो थांबू नये म्हणून तिनं केस जरा जास्तच वेळा मागे सारले.

पारू डोकावली ती नेमकी तेव्हाच. "अगं बाई. येसू, पाट लावलास काय? आमाला जेवायला बी नाय बोलावलंस."

"तुझ्याच नवऱ्याला इचारलंय," येसूबाई म्हणाली. "हो म्हणला."

सुंदरा हसली आणि पोट दुखल्यानं विव्हळली. जयवंता हसली नाही. तिनं झगा काढला, हात पुढे केला. "आत्याबाई, बांगड्या."

"घरात तर हायेत. पळून जात नायत."

"उघड्या हातानं बसू नको म्हणता तुमीच."

त्यासाठी पुन्हा साबण लागला. जयवंतानं एकेक बांगडी मोजून घेतली. येसूबाईच्या मनगटांवर काचेचे लाल वळ उमटले होते. ते संध्याकाळपर्यंत टिकले.

पाचवीच्या पूजेला पाट्यावर जयवंताची कात्री मांडली. येसूबाईचं पातं सुंदरानं मागितलं नाही आणि येसूबाईनं काढून दिलं नाही. बाळाला पाहायला आलेल्या बायका जयवंताच्या हाताचं कौतुक करत राहिल्या. कुणाच्या बांगड्या कुणी काढल्या, हे जयवंतानं एकीलाही सांगितलं नाही. ते येसूबाईच्या लक्षात राहिलं.

जयवंता सकाळ-संध्याकाळ सुंदराच्या काखेत काचेची नळी ठेवायची. शंभराच्या वर गेलं की बाई तडक कर्जतला न्यायची, हे येसूबाईनं ऐकून ऐकून पाठ केलं होतं. सातव्या दिवशी नव्याण्णवावर आलं. आठव्या दिवशी संध्याकाळी नव्याण्णव आणि थोडं वर. येसूबाई ताटावरून उठली. तिनं जयवंताच्या हातांकडे पाहिलं, मग स्वतःच्या. आपण नको तेव्हा इच्छा केली होती, हे तिला आठवत होतं.

नवव्या दिवशी सकाळी नर्सबाई आल्या. पारू आणि आणखी दोघी ओटीवर होत्या. नर्सबाईंनी बाळ पाहिलं, नाळेची जागा पाहिली आणि विचारलं, "कोणी केलं?"

"मी," जयवंता म्हणाली.

"हात कुठपर्यंत धुतलेस?"

"कोपरापर्यंत."

नर्सबाईंची नजर हिरव्या बांगड्यांवर गेली. "या घालून?"

जयवंतानं सासूकडे पाहिलं. ओटीवरच्या बायकाही पाहू लागल्या. येसूबाईनं इतके दिवस ज्या घटकेची वाट पाहिली ती ही होती, फक्त हात पुढे करायला लावायचं होतं. मालोजीची सून चार घरं पलीकडे राहत होती.

"काढल्या होत्या," येसूबाई म्हणाली. "मी काढल्या. आख्ख्या." आणि जरा थांबून, "तिला एकटीला निघत नव्हत्या."

"बरं झालं," नर्सबाई जयवंताला म्हणाल्या. "अशीच काम करत जा. पुढच्या महिन्यापासून तुला खालची तीन गावंही देणार आहे."

येसूबाईनं मिश्रीची डबी उघडली आणि न लावताच मिटली. नर्सबाईंनी नळी झटकली, सुंदराच्या काखेत ठेवली आणि छातीवर टाचलेलं घड्याळ हातात धरलं. बाळ चुटूचुटू पीत होतं. येसूबाई खांबाला धरून उभी राहिली. नळीत पारा खाली असला तर उद्यापासून कुणी तिला हाक मारणार नव्हतं, कधीच. वर असला तर... तिनं खांब घट्ट धरला.

नर्सबाईंनी नळी काढली, दाराच्या उजेडाकडे नेली आणि थोडी फिरवली. पारा अठ्ठ्याण्णवच्या वर दोन बारीक रेघांवर थांबला होता. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार.