टॉवेल धरणारी बाई

सांता इनेसच्या गरम पाण्याच्या कुंडांवर निबिया एचेवेरी सव्वीस वर्षं जीवरक्षक होती, आणि सव्वीस वर्षांत तिनं एकही जीव वाचवलेला नव्हता. वाचवायला आधी कुणी बुडायला तर हवं! मोठ्या कुंडाचं पाणी तिच्या छातीपर्यंत यायचं, आणि त्यात येऊन बसणारी माणसं सगळी सत्तरीच्या पुढची. ती पोहत नसत. बटाट्यांसारखी शिजत बसत.

निबिया वाचवायची ते दात. महिन्याला सरासरी चार कवळ्या तिनं तळातून काढल्या होत्या. शिवाय चष्मे, अंगठ्या, कानातली यंत्रं, आणि एकदा एका निवृत्त नोटरीचा केसांचा टोप, जो बघून बायका उंदीर-उंदीर म्हणून ओरडत कुंडाबाहेर पडल्या होत्या. दर वीस मिनिटांनी शिट्टी मारून सगळ्यांना बाहेर काढायचं, आणि पेंगणाऱ्यांना खांद्याला हात लावून उठवायचं, ही खरी नोकरी. "झोपलो नव्हतो, डोळे मिटले होते," असं प्रत्येक जण म्हणायचा. गावातले लोक तिला चिडवायचे, उंच खुर्चीवर बसून शेळ्या हाकतेस म्हणून. ती म्हणायची, "तुम्ही लोकांना पाण्यात पाहिलंत तर भांडणं होतात. मला त्याचाच पगार मिळतो."

दुसऱ्या खुर्चीवर एदिसन पिरिस असायचा. दोघं एकाच वर्षी नोकरीला लागले. एकाच भोपळ्यातून, एकाच नळीनं येर्बाचा कडू चहा पीत त्यांनी सव्वीस हिवाळे काढले होते. एदिसनच्या लग्नात निबिया साक्षीदार होती. निबियाचा नवरा गेला तेव्हा एदिसननं तिच्या पाळ्या महिनाभर केल्या, आणि त्याबद्दल पुन्हा कधी चकार शब्द काढला नाही. असा माणूस.

चार वर्षांपूर्वी संत्री उतरवताना एदिसन शिडीवरून पडला. त्याचा उजवा हात तेव्हापासून कानाच्या वर जात नव्हता. जीवरक्षकांची दरवर्षी पोहण्याची परीक्षा असते. दोघं एकमेकांची वेळ लावायचे आणि कागदावर सही करायचे. पहिल्या वर्षी एदिसन अर्ध्यात थांबला, काठाला धरून धापा टाकत राहिला. निबियानं घड्याळाकडे पाहिलं, एदिसनकडे पाहिलं, आणि गेल्या वर्षीचीच वेळ दोन सेकंद वाढवून लिहिली.

"दोन सेकंद कशाला वाढवलेस?" एदिसननं विचारलं.

"वय झालं तुझं. जरा खरं वाटायला नको?"

असं तीन वर्षं चाललं होतं.

त्या जुलैत, म्हणजे आमच्याकडच्या ऐन थंडीत, ताकुआरेम्बोहून निवृत्तांची बस आली. तीत दॉन अपारिसियो होता. उभा जन्म गुरांच्या बाजारात लिलाव पुकारण्यात गेलेला. एकशे दहा किलोंचा देह, आणि आवाज असा की तो कुंडात हळू बोलला तरी पलीकडच्या मसाजवाल्या बाईच्या खोलीत ऐकू जाई. रबरी टोपी घालायला त्यानं साफ नकार दिला होता. पाण्यातसुद्धा त्याच्या डोक्यावर काळी लोकरी टोपी.

"दॉन अपारिसियो, नियम आहे," निबिया म्हणाली.

"बाई, ही टोपी घालून मी बायकोला पुरलं. तुमच्या नियमासाठी काढू?"

निबियानं तो नाद सोडला.

शुक्रवारी दुपारी झिमझिम सुरू झाली. पाऊस पडला की आमच्याकडे माणसाला तळलेल्या पोळीशिवाय दुसरं काही सुचत नाही. उपाहारगृहाच्या खिडकीतून चरबीत तळलेल्या पोळ्यांचा वास सुटला, आणि सगळं कुंड झगे पांघरून रांगेला लागलं. एदिसनही उठला.

"तुला दोन?"

"दोन. साखर घालून."

कुंडात उरली फक्त कोकाबाई, जिला चष्म्याशिवाय स्वतःचा हात दिसत नसे, आणि कोपऱ्यात दॉन अपारिसियो, डोळे मिटून.

निबियानं चहात पाणी ओतायला मान खाली घातली. वर पाहिलं तर काळी टोपी तिथंच होती. टोपीखाली दॉन अपारिसियो नव्हता.

तिनं विचार केला नाही. रेनकोट भिरकावून उडी मारली. म्हातारा तळाशी बसल्यासारखा बसला होता, तोंडातून बुडबुडे येत होते. तिनं काखेत हात घालून ओढलं. तो बैलासारखा जड, आणि बैलासारखाच सहकार्य न करणारा. पायऱ्यांपर्यंत येईतो त्याच्या चड्डीची नाडी तुटली आणि चड्डी पाण्यातच राहिली. निबियानं त्याला पायरीवर आडवा केला, कुशीवर वळवला आणि पाठीत दणके दिले. एक, दोन, पाच. त्याच्या नाकातोंडातून पाणी आलं. मग खोकला. मग डोळे न उघडताच तो म्हणाला, "एक वार... दोन वार..."

"तीन वार होऊ दिलं नाही हो मी," निबिया म्हणाली, आणि तिला एकदम रडू आलं आणि हसूही.

एदिसन पोळ्यांची पुडी घेऊन धावत आला. पुडी खुर्चीवर ठेवली आणि गुडघ्यापर्यंत पाण्यात उतरला. "जगला का?"

"जगला. धर त्याला, डोकं वर ठेव. मी टॉवेल देते आणि त्याची चड्डी शोधते. सगळे येतील आता, लाज जायची बिचाऱ्याची."

तिनं टॉवेल त्याच्यावर टाकला आणि बुडी मारली. चड्डी तळाच्या जाळीला चिकटली होती, निघता निघेना. ती वर आली तेव्हा काठावर चाळीस माणसं झगे घालून उभी होती, हातात पोळ्या. पायरीवर एदिसन दॉन अपारिसियोचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. आणि निबिया, पाण्यातून, हात उंच करून, ओली चड्डी दाखवत.

पहिल्यांदा टाळ्या वाजवल्या कोकाबाईनं. "लाल सदरा होता, एवढं मी पाहिलं!" ती म्हणाली. जीवरक्षकांचा लाल सदरा दोघांच्याही अंगात होता.

दवाखान्याच्या खोलीत दॉन अपारिसियोभोवती त्याचे मित्र जमले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कुणी काढलं यांना? दॉन अपारिसियोनं निबियाकडे पाहिलं. मग मित्रांकडे पाहिलं. मग एदिसनच्या दंडावर हात ठेवून म्हणाला, "या भल्या माणसानं."

निबिया हसली. तिला वाटलं, म्हाताऱ्याच्या डोक्यात अजून पाणी आहे. एदिसन काही बोलला नाही. तिला वाटलं, तोही हसू दाबतोय.

बाहेर आल्यावर एदिसन म्हणाला, "असू दे गं, निबे. त्याच्या मित्रांना कळलं की एका बाईनं त्याला नागडा बाहेर काढला, तर ते त्याला ताकुआरेम्बोपर्यंत सोलून खातील. रविवारी जाणारच आहेत. दोन दिवसांचा प्रश्न."

"दोन दिवस राहा तू शूर," निबिया म्हणाली. "पोळ्या दे माझ्या."

पोळ्या गार झाल्या होत्या, तरी दोघांनी खाल्ल्या.

रविवारी बस गेली. पण गोष्ट गेली नाही. जिच्या पाठीशी लिलाववाल्याचा गळा असेल, ती गोष्ट बोलीसारखी चढतच जाते. ताकुआरेम्बोच्या रेडिओवर दॉन अपारिसियोनं मुलाखत दिली. तिच्यात कुंड दोन पुरुष खोल झालं. निवृत्तांच्या संघाचं पत्र आलं: वीर एदिसन पिरिस यांना मानपत्र द्यायला आम्ही पुन्हा येत आहोत. व्यवस्थापक खूश. कुंडांचं नाव रेडिओवर फुकट आलं होतं.

निबिया वाट पाहत राहिली. आज सांगेल, उद्या सांगेल. चहाचा भोपळा हातात देताना ती एदिसनच्या तोंडाकडे बघायची; तो नळीतून ओढायचा आणि हवापाण्याचं बोलायचा. मग एके दिवशी ती रजेचा अर्ज द्यायला कचेरीत गेली, आणि टेबलावर घटनेचा अहवाल पडलेला दिसला. एदिसनचं अक्षर तिनं झोपेतही ओळखलं असतं. 'वाचवणाऱ्याचं नाव' पुढे त्यानं स्वतःचं नाव लिहिलं होतं. 'इतर मदत' पुढे होतं: निबिया एचेवेरी, टॉवेल.

तिनं तो कागद दोनदा वाचला. टॉवेल. निदान चड्डी तरी लिहायची!

व्यवस्थापकाला तिथल्या तिथं सांगावं, असं तिच्या ओठांवर आलं. या माणसाचा हात कानाच्या वर जात नाही, हा एकशे दहा किलो काय उचलणार? पण मग व्यवस्थापक विचारणार, हात जात नाही तर परीक्षा कशी पास झाला? आणि त्या कागदांवर तीन वर्षं सही होती निबियाची. तिनं रजेचा अर्ज ठेवला आणि मूग गिळून बाहेर आली.

दुसऱ्या दिवसापासून तिनं आपला वेगळा भोपळा आणला. एदिसननं तो पाहिला. काही विचारलं नाही. विचारलं असतं, तर तिला कदाचित बरं वाटलं असतं.

मानपत्राच्या दिवशी कुंडाच्या काठावर ध्वनिक्षेपक लावला. निबियाची पाळी नेमकी त्याच वेळी. ती वर खुर्चीवर, आणि खाली सगळे: व्यवस्थापक, बसभर पाहुणे, काही पाण्यात, काही बाहेर. दॉन अपारिसियोनं असं भाषण केलं की दोन बायका रडल्या. मग एदिसन उठला. धुतलेला लाल सदरा, केस चोपून बसवलेले. त्यानं व्यवस्थापकांचे आभार मानले, डॉक्टरीणबाईंचे मानले, बायकोचे मानले. मग तो थांबला. निबियाचा हात खुर्चीच्या दांड्यावर आवळला. आता, तिला वाटलं. आता सांगेल.

"आणि माझी सहकारी निबिया," एदिसन वर न बघता म्हणाला, "जिनं त्या वेळी टॉवेल धरला होता."

टाळ्या झाल्या. काही लोकांनी मान वर करून कौतुकानं तिच्याकडे पाहिलं. कोकाबाई ओरडली, "शाब्बास पोरी! टॉवेलसुद्धा लागतोच!"

निबियानं शिट्टी मारली. वीस मिनिटं व्हायला अजून आठ बाकी होती. पण म्हातारी माणसं शिट्टीला सरावलेली. पाण्यातले सगळे निमूटपणे उठले, बाहेरचे त्यांना टॉवेल द्यायला धावले, आणि व्यवस्थापकांचं समारोपाचं भाषण निथळत्या पाठींसमोर झालं.

संध्याकाळी तिनं एदिसनला रबरी कड्यांच्या आणि क्लोरीनच्या कोठीत गाठलं.

"टॉवेल?" ती म्हणाली.

एदिसन एका पिंपावर बसला. मग म्हणाला, "या वर्षी परीक्षा घ्यायला बाहेरचा माणूस येणार आहे. मी चार हातसुद्धा पोहू शकत नाही, तुला माहितेय. जीवरक्षकांच्या प्रमुखाची जागा रिकामी होती. ते काम बसून करायचं, त्याला परीक्षा नाही. व्यवस्थापक म्हणाले, एवढं नाव झालंय तुझं, तर तूच हो."

"आणि तू झालास."

"मुलीचं शिक्षण अजून दोन वर्षं आहे, निबे."

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगणार होतो?"

"हेच! मागितलं असतंस तर मी दिलं असतं. त्या कागदावर मीच तुझं नाव लिहिलं असतं, माझ्या हातानं. तीन वर्षं काय करत आलेय मी?"

एदिसन खाली बघत म्हणाला, "मला वाटलं, तू नाही म्हणशील."

निबियाला वाटलं होतं, टॉवेलपेक्षा जास्त लागणारं आता काही उरलेलं नाही. पण हे लागलं. सव्वीस वर्षं त्या माणसानं तिच्या हातचा चहा प्यायला होता, आणि त्याला वाटलं, ती नाही म्हणेल.

"उद्याच्या पाळ्या भिंतीवर लावून ठेवा, साहेब," ती म्हणाली आणि निघाली. 'साहेब' ऐकून एदिसनच्या तोंडावर जे झालं, ते पाहायला ती थांबली नाही.

तेव्हापासून दोघांत कामापुरतंच बोलणं राहिलं. एदिसन काचेच्या खोलीत बसायचा. दुसऱ्या खुर्चीवर नवी मुलगी आली. ती चांगली होती, पण पुस्तक वाचायची.

पुढच्या जुलैत बस पुन्हा आली. दॉन अपारिसियो झगा सावरत सरळ निबियाच्या खुर्चीपाशी आला.

"बाई, तुमची पाळी याच कुंडावर ना?"

"हो."

"बरं. मी इथंच बसतो मग. जरा लक्ष असू द्या माझ्याकडे. हल्ली फार लवकर डोळा लागतो."

"मोठ्या साहेबांना सांगा की," निबिया म्हणाली. "त्यांनी वाचवलं होतं तुम्हाला."

दॉन अपारिसियोनं इकडे-तिकडे पाहिलं, आणि जन्मात पहिल्यांदा हळू बोलला. "बाई, मी बुडत होतो. आंधळा नव्हतो."

तो पायऱ्या उतरून मित्रांत जाऊन बसला. वर्षभर निबियानं मनाची समजूत घातली होती, की निदान म्हातारा तरी गोंधळला होता. थोड्याच वेळात खालून त्याचा आवाज चढला. या खेपेला नवी चार माणसं आली होती, त्यांना ती गोष्ट ठाऊक नव्हती. "...आणि एवढ्यात एदिसननं वाघासारखी झेप घेतली..."

निबिया खुर्चीवरून उतरली. पायऱ्यांवरून पाण्यात गेली आणि त्या घोळक्यात, अगदी दॉन अपारिसियोसमोर, गळ्यापर्यंत बुडून बसली.

"चालू द्या," ती म्हणाली. "मला ही गोष्ट पहिल्यापासून कधी ऐकायलाच मिळाली नाही."

"या, या बाई!" मित्र म्हणाले. "सांग रे, अपारिसियो. वाघासारखी झेप घेतली, मग?"

दॉन अपारिसियोनं तोंड उघडलं. निबिया त्याच्या डोळ्यांत बघत होती, रागानं नाही, फक्त बघत होती.

"मग... त्यानं मला धरलं," तो म्हणाला.

"कुठं धरलं?" निबियानं विचारलं.

"काखेत."

"दोन्ही हातांनी?"

"हो... दोन्ही."

"बरं. मग?"

पाणी वाहायचा आवाज येत होता. बाजारात हजार गुरांपुढं ज्याचा घसा कधी बसला नाही, त्या माणसाचा घसा बसला. मित्र एकमेकांकडे बघू लागले. "अरे, सांग की पुढं!"

"फार गरम आहे आज पाणी," दॉन अपारिसियो म्हणाला, कठड्याला धरून उठला आणि झगा न घालताच थंडीत निघून गेला.

निबियाला वाटलं होतं, हलकं वाटेल. तसं काही वाटलं नाही. ती थोडा वेळ तशीच बसून राहिली. काचेच्या खोलीतून एदिसन बघत असावा, पण तिनं तिकडे पाहिलं नाही. पलीकडच्या कोपऱ्यात एक नवी पाहुणी, हनुवटी पाण्याला टेकवून, तोंड उघडं टाकून पेंगत होती. निबिया पाण्यातूनच चालत तिच्यापाशी गेली आणि खांद्याला हात लावला.

"झोपले नव्हते मी," म्हातारी दचकून म्हणाली.

"माहितेय, आजी," निबिया म्हणाली. "चला, बाहेर बसू जरा."