थेट गाडीत न बसलेली पिशवी

एका जागी स्वस्थ बसणे मला कधी जमले नाही, मित्रांनो, आणि आता जुनी झाले तरी जमत नाही. मी एक पाठीवरची पिशवी आहे. खाकी, जाड, दोन बंदांची. पण पिशवी होण्याआधी मी ताडपत्री होते. एका बसच्या टपावर, प्रवाशांच्या सामानावर मला पसरत आणि दोरीने आवळून बांधत. ऊन, धूळ, वारा खात मी गावोगाव धावत असे. पुढे नव्या गाड्या आल्या, सामान बसच्या पोटात जाऊ लागले आणि मला आगाराच्या कोपऱ्यात गुंडाळून टाकले. बाहेर गाड्यांची इंजिने सुरू होत, तेव्हा माझा जीव नुसता तळमळे.

त्या आगारात बसच्या सीटा शिवणारा एक कारागीर होता. तिकीट खिडकीवरचे अप्पा निवृत्त होणार असे त्याला कळले. त्याने माझा धड राहिलेला तुकडा कापला, दुहेरी शिवण घातली, सीटच्या पट्ट्यांचे बंद लावले आणि मी पिशवी झाले. निरोपाच्या दिवशी मला अप्पांच्या हातात देत तो म्हणाला, "तीस वर्षं लोकांना गावोगाव पाठवलंत. आता स्वतः जा."

अप्पा हसले, पण मला उराशी धरून घरी निघाले तेव्हा त्यांची पावले जड होती. तीस वर्षे त्यांनी खिडकीच्या गजांमागे बसून तिकिटे फाडली होती. कोणती गाडी किती वाजता सुटते, कुठे थांबते, कुठे बदलावी लागते, सारे त्यांना तोंडपाठ होते. पाहिलेली गावे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

घर दोन खोल्यांचे होते. अप्पांची पत्नी पूर्वीच गेली होती. मुलगा एका प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासत असे. माणसाला काय काय होऊ शकते हे रोज पाहून त्याचा स्वभाव काळजीखोर झाला होता. सून चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवण्याचे काम करी. दिवसभर दुसऱ्यांच्या नजरेसाठी राबणारी ही बाई स्वतः मात्र दुकान, बाजार आणि घर याखेरीज काही पाहत नसे. दुकान मंगळवारी बंद. सोमवारी संध्याकाळपासूनच तिच्या अंगात काहीतरी वळवळू लागे. मग ती धुतलेली भांडी पुन्हा धुई, कपाट उपसून पुन्हा लावी.

अशाच एका सोमवारी तिने विचारले, "अप्पा, सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल असं एखादं गाव सांगा ना."

अप्पांनी एका दमात अकरा सांगितली.

तिथून आमचे फिरणे सुरू झाले. घरात पैसा जेमतेम होता. मुलगा म्हणाला की अंथरूण पाहून पाय पसरावेत. अप्पा म्हणाले, "बरोबर आहे. पण पसरावेत. पोटाशी घेऊन बसा, असं कुणी सांगितलंय?" लांब एकदा जाण्यापेक्षा जवळ दहादा जावे, हे त्यांचे धोरण. थेट गाडीत ते कधीच बसत नसत. तिचे भाडे जास्त. त्याऐवजी साधी गाडी पकडायची, मध्ये कुठेतरी उतरायचे आणि दुसरी साधी गाडी घ्यायची. वेळ लागे, पण वाचलेल्या पैशांत पुढचा मंगळवार निघे. माझ्या पोटात डबा, पाण्याच्या दोन बाटल्या, उकडलेली अंडी, एक चादर आणि अप्पांची टोपी असे. मोठी हॉटेले आम्ही बाहेरूनच पाहिली. धरणे, नदीकाठ, जुनी तटबंदी, दगडाच्या खाणी, कौलांचे कारखाने, जे जे फुकट पाहता येते ते सारे पाहिले. एकदा तर एका गावात पाहण्यासारखे काहीच निघाले नाही. मग सासरा आणि सून स्टँडवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांचे धंदे ओळखत बसली, आणि त्या दिवशी दोघे सर्वांत जास्त हसली.

लोक माझे कौतुक करीत. कुठे मिळाली अशी पिशवी, असे विचारीत. मी फुगून जाई, मित्रांनो. पण खरे सांगायचे तर कौतुकापेक्षा मला गाडीचा हादराच आवडे.

मग एक चूक झाली, आणि ती अप्पांची होती. पुढच्या मंगळवारी दीपगृह असलेल्या गावी जायचे ठरले होते. ते नेहमीपेक्षा लांब, म्हणून खर्च जास्त. अप्पांनी कुणाला न सांगता काटकसर सुरू केली. त्याच्या आधीच्या मंगळवारी आम्ही एका तळ्यावर गेलो होतो. सून लवकर उठून डबा करू शकली नव्हती, म्हणून तिथेच काहीतरी विकत घेऊन खायचे होते. तिला त्यांनी खायला पाठवले आणि आपण खाऊन आलो असे खोटेच सांगितले. पुढे स्टँडपर्यंत चालत यायचा हट्ट धरला. दुपारच्या उन्हात, स्टँडच्या पायरीवर, ते कोसळले. मी त्यांच्या पाठीवरच होते. त्यांचे डोके जमिनीवर आपटले नाही, ते माझ्यामुळे. एवढेच माझ्या हातून झाले.

दोन दिवसांत ते बरे झाले. मुलगा सुनेला फारसे बोलला नाही. फक्त म्हणाला, "हे फिरणं आता पुरे." तिनेही मान खाली घातली. अपराध्यासारखी ती मला घेऊन स्टुलावर चढली आणि मला माळ्यावर टाकले. कुणीतरी माझ्या पोटात जुन्या गोधड्या कोंबल्या.

दोन वर्षे, मित्रांनो. माळ्यावरून मला फक्त पावलांचा आवाज येई. अप्पा आतल्या खोलीपासून दारापर्यंत जात आणि परत येत. अठरा पावले तिकडे, अठरा इकडे. चालताना ते गाड्यांच्या वेळा पुटपुटत. मंगळवारी सून घरी असे, आणि त्या दिवशी दोघेही एकमेकांची नजर टाळत. खाली ते फेऱ्या मारीत आणि वर माझे बंद आपोआप आवळल्यासारखे वाटत.

एका गुरुवारी सकाळी घर रिकामे झाले आणि माळ्याचे दार उघडले. अप्पा स्टुलावर उभे होते. त्यांनी गोधड्या खाली फेकल्या, मला झटकले, डबा आणि टोपी भरली आणि आम्ही निघालो. चिठ्ठी नाही, निरोप नाही. मला इतका आनंद झाला की हे चुकीचे आहे हे माझ्या ध्यानातही आले नाही.

तीन रस्ते मिळतात त्या तिठ्यावरच्या लहानशा स्टँडवर आम्ही दहाला उतरलो. तिथून सव्वादहाची गाडी दीपगृहाच्या गावी जात असे. अप्पा मला मांडीवर घेऊन बाकावर बसले. सव्वादहा वाजले. अकरा वाजले. बारा वाजता त्यांनी डबा खाल्ला, अगदी शेवटच्या घासापर्यंत. केळी विकणाऱ्या बाईने दोनदा विचारले, आजोबा, कुठं जायचंय. दोन्ही वेळा ते म्हणाले की गाडी येईलच. चौकशीची खिडकी वीस पावलांवर होती, पण ते तिकडे पाहतही नव्हते. त्यांची बोटे माझ्या बकलावर सारखी टकटक करीत होती. तीन वाजले, चार वाजले.

इकडे घरी काय झाले ते मला मागून कळले. दार सताड उघडे पाहून शेजारणीने फोन केला. मुलाने दोन दवाखाने पालथे घातले, पोलिसांत वर्दी दिली. सुनेने घरात येताच जमिनीवर पडलेल्या गोधड्या पाहिल्या आणि अप्पा दीपगृहाला गेले असे सांगितले. मुलाने तिथल्या स्टँडवर फोन लावला. थेट गाडीने असा कुणी म्हातारा उतरला नव्हता. तेव्हा ती म्हणाली, "ते थेट गाडीत बसायचेच नाहीत. तिठ्यावर बघू."

प्रयोगशाळेची स्कूटर घेऊन दोघे आले. मागे नमुन्यांची बर्फाची पेटी तशीच बांधलेली होती. मुलगा ताडताड चालत आला. त्याच्या ओठांवर आलेले शब्द मला दिसत होते. पण जवळ येताच त्याची नजर वडिलांच्या बुटांवर गेली. अप्पांनी ते पॉलिश केले होते. तो तिथेच थबकला.

सून शेजारी बसली. तिने मला आपल्या मांडीवर घेतले. अप्पा म्हणाले, "सव्वादहाची गाडी बंद झाली असावी."

"मग विचारलं का नाहीत?"

"तीस वर्षं लोक मला विचारत आले, पोरी. मी कुणाला विचारू?"

मग मुलगा म्हणाला की तो विचारून येतो. अप्पांनी त्याचा हात धरून त्याला थांबवले आणि स्वतः उठले. वीस पावले चालून ते खिडकीशी वाकले. आत बसलेल्या मुलीने पडद्यावरून नजर न उचलता उत्तर दिले. ती काय म्हणाली ते ऐकू आले नाही, पण अप्पांनी तिला नमस्कार केलेला मी पाहिला.

परत येऊन ते म्हणाले, "पाच दहाला शेवटची आहे. परतीची उद्या सकाळीच." आणि मुलाकडे पाहिले. "घरी जायचं तर घरी जाऊ."

मुलाने फोन काढला. दुसऱ्या दिवशी कामावर येणार नाही, असे त्याने कळवले. त्याच्या तोंडून ते वाक्य कुणीच कधी ऐकले नव्हते. स्कूटर त्याने स्टँडच्या रखवालदाराकडे सोपवली, बर्फाची पेटी मात्र रिकामी आहे हे दोनदा उघडून पाहिले.

दीपगृहाच्या रखवालदाराने आम्हाला साठवणीच्या खोलीत उतरायला जागा दिली. सकाळी आम्ही जिना चढू लागलो. अर्ध्यावर अप्पांचा दम संपला. ते पायरीवर बसले. सून त्यांच्यापाशी थांबली. मुलगा मला पाठीवर घेऊन वर गेला आणि बराच वेळ कठड्याशी उभा राहिला. खाली येऊन त्याने प्रयोगशाळेत अहवाल द्यावा तसे सांगितले: मोठी जहाजे दोन, होड्या अकरा, डावीकडे वाळूचा दांडा, पाण्याचे रंग तीन. अप्पांनी डोळे मिटून सारे ऐकले. मग विचारले, "आणि तुला कसं वाटलं?"

तो म्हणाला, "परत यावंसं वाटलं."

त्यानंतर पाच वर्षे आम्ही फिरलो. नियम तीनच वाढले. कुणीही उपाशी राहायचे नाही, घरी सांगून निघायचे, आणि नक्की नसेल तर खिडकीवर विचारायचे. मग अप्पा गेले. घरातच गेले, शांतपणे, एका रविवारी.

आता नवरा-बायकोला दोन पैसे बरे मिळतात. त्यांनी चाकांची एक मोठी बॅग घेतली आहे. एकदाच लांबची, मोठी सहल करायची असे ते म्हणतात. तीन वर्षे झाली, ती सहल पुढच्या वर्षावर ढकलली जाते. नवी बॅग अजून प्लास्टिकच्या आवरणात आहे आणि मी घडी करून कपाटाच्या तळाशी आहे. रस्त्यावरून मोठी गाडी गेली की कपाटाचे दार थरथरते आणि मीही.

मित्रांनो, माझी चेन अडकते, तिला जरा मेण चोळा. बंद उसवला आहे, तो चार टाके घालून शिवा. मग मला घेऊन कुठेही चला, अगदी पुढच्या गावापर्यंत. मी कापड आहे, म्हणून एक गोष्ट खात्रीने सांगते. वापरलेले कापड हळूहळू विरते. न वापरलेले आधी घडीवर फाटते.