मातीत उतरलेला 'अर'

मी 'अर' बोलतोय. डच भाषेतला एक जुना, अनेकवचनी प्रत्यय. नाव सांगतानाही मान खाली जाते.

एके काळी माझा रुबाब होता. 'किंड' म्हणजे एक मूल. मी मागे उभा राहिलो, की 'किंडर', म्हणजे घरभर मुलं! कोकरं, वासरं, अंडी, सगळी माझ्याच भरवशावर वाढायची. पुढे लोकांचा माझ्यावरचा विश्वास उडाला. मी शब्दाचाच तुकडा आहे, असं समजून त्यांनी माझ्यामागे 'अन' या दुसऱ्या अनेकवचनी प्रत्ययाचा टेकू लावला. 'किंडरन'! शेजारच्या जर्मनीत मी अजून एकटा उभा राहतो. इथे मात्र असून नसल्यासारखा.

नेदरलँड्सच्या दक्षिण टोकाला, लिंबर्गच्या खेड्यांत, घरच्या बोलीत, तेवढा मी शाबूत राहिलो. फीन नावाची म्हातारी मला दिवसातून दहादा हाक मारायची. "किंडर, जेवायला या!" तिचा मुलगा ह्यूब शाळेत हीच बोली बोलला, म्हणून मास्तरांनी त्याला कोपऱ्यात उभं केलं होतं. ती लाज त्याला जन्मभर पुरली.

इथे अंत्यविधीला आलेल्यांना मृताची आठवण म्हणून छापील प्रार्थनापत्र वाटतात. अंथरुणाला खिळल्यावर फीन त्याला म्हणाली, "माझ्या प्रार्थनापत्रावर आपल्या घरातलंच लिही हं. पुस्तकातलं नको."

"लिहीन, आई."

अंत्यविधीच्या दिवशी चर्चच्या दाराशी बहीण नेल पत्रं वाटायला लागली आणि थबकली.

"'किंडरन'? ह्यूब, आईनं कधी अशी हाक मारली आपल्याला?"

"शहरातून माणसं आलीत गं. अडाणी दिसलो असतो."

"त्या अडाणी बाईलाच पोचवायला आलीत ना? शब्द दिला होतास तू."

ह्यूबने तिच्या हातातली पत्रं घेतली आणि स्वतःच वाटू लागला. मी तरी त्याला कुठल्या तोंडाने बोल लावणार? छापखान्यात 'अन' पाठीशी आला, तेव्हा खरं सांगतो, मला हायसंच वाटलं होतं. एकटं, गावंढळ दिसायची मलाही लाज वाटत होती.

कबरीपाशी सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली. ह्यूब शेवटी आला. त्याने खिशातून पेन काढलं, एका पत्रावरच्या 'किंडरन'मधला 'अन' खोडला आणि ते पत्र शवपेटीवर सोडलं. "चुकलो गं आई," तो म्हणाला. "तुझी किंडर इथंच आहेत."

बाकीची दीडशे पत्रं तशीच घरोघरी गेली. पाहुणे कॉफी प्यायला वळले.

शेकडो वर्षांनी कागदावर मला एकट्याला उभं राहू दिलं, ते मातीखाली. बाबांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं कोणी असेल, तर आई ऐकू शकते तोवर त्याला ओठांवर येऊ द्या.