राक्षसिणीची बोली

"चार तारे, आई! पाचापैकी चार!" अश्वजितने मोबाईल तिच्या डोळ्यांसमोर धरला. "अन् तुयं नाव हाये. पूर्ण. सत्यभामा रामटेके."

सत्यभामा दिघोरीच्या घराच्या ओसरीत लाखोळीची डाळ निवडत होती. मुलगा भंडाऱ्याहून खास हेच सांगायला आला होता.

"मंग वाच नं," ती म्हणाली.

पावसाळ्यात लोकांच्या भाताच्या बांधीत रोपं लावायचा रोवणा आणि दिवाळीपासून ऊन तापेपर्यंत पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत मोलकरीण, भांडखोर शेजारीण, कजाग सासू, असं तिचं तीस वर्षं चाललं होतं. गेल्या हंगामात मुंबईचा एक दिग्दर्शक नाटक पाहायला आला आणि तिला आवाज द्यायला घेऊन गेला. परदेशी कार्टून सिनेमा होता, प्रेमळ राक्षसांच्या कुटुंबाचा. तिच्या वाट्याला आली होती तीन डोळ्यांची, केसाळ राक्षसीण. लेकराला जेवायला बोलावणारी, रागावणारी, थोपटून झोपवणारी. "घरी बोलता तसंच बोला," दिग्दर्शक म्हणाला होता. काचेच्या खोलीत, कानाला यंत्र लावून, ती आपल्या मेलेल्या आईसारखी बोलली. पडद्यावर तिला फक्त तिच्या वाक्यांपुरतेच तुकडे दाखवत. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी तिला 'हसव' म्हणालं नव्हतं.

अश्वजित सिनेमाचं परीक्षण ठसक्यात वाचू लागला. "'राक्षस प्रेमळ असले तरी त्यांचा रानटीपणा पहिल्याच वाक्यात कळायला हवा. त्यांच्या तोंडी झाडीबोली घालून मराठी रूपांतराने बाजी मारली आहे. सत्यभामा रामटेके यांनी तोंड उघडताच चित्रगृह हास्यात बुडून जाते. सभ्य माणसे आणि अडाणी राक्षस यांच्यातला फरक केवळ भाषेतून...'"

"हासते? कोन्या जागी हासते?"

"सगळीकडेच. तू पोराले झोपवते नं, तेथं तं लय."

डाळीतली तिची बोटं थांबली. "अन् माणसं कशी बोलते त्याच्यात?"

"माणसं तं शुद्धच बोलते नं, आई."

"मले काहून नाही सांगतलं कोनी?"

अश्वजितला प्रश्नच कळला नाही. "आता चार तारे भेटले तं तू नाराज होऊन राहिली?"

रविवारी ती भंडाऱ्याला गेली आणि नातीला, रुचिताला, घेऊन सिनेमाला बसली. पडद्यावरची गोरी आई म्हणाली, "चल बाळा, जेवून घे." सगळे शांत. मग तिचा स्वतःचा आवाज आला, "जेवाले चाल नं रे, माया राजा!" आणि चित्रगृह हशानं फुटलं. मागच्या रांगेतला एक बाप आपल्या पोराला तिचं वाक्य वाकडं तोंड करून म्हणून दाखवू लागला. ती अंगाई म्हणत होती तेव्हा लोक खुर्च्यांचे हात बडवत होते.

शेवटी राक्षसाच्या लेकराला माणसांच्या शाळेत घेतलं. वर्गासमोर उभं राहून ते स्वच्छ मराठीत म्हणालं, "माझी आता सगळ्यांशी मैत्री झाली आहे." टाळ्या पडल्या. राक्षसीण शाळेच्या फाटकाबाहेर उभी राहून डोळे पुसत होती. त्या दृश्यात तिला एकही वाक्य नव्हतं, म्हणून ते तिला कोणी दाखवलंच नव्हतं.

बाहेर रुचिताच्या वर्गातली एक मुलगी भेटली. "कोन वं हे, तुयी मैत्रीण?" सत्यभामेनं विचारलं. ती मुलगी आनंदानं किंचाळली, "मम्मी, खरी राक्षसीण!"

रुचितानं आजीचा पदर ओढला. "आजी, तू इथे बोलू नकोस ना."

"काहून?"

"नको ना बोलूस. प्लीज."

घरी अश्वजितनं समजूत काढली. "लहान हाये थे, आई."

"थे लहान हाये. लिवणारा तं मोठा हाये नं?"

लिहिणारा तिला भेटला. भंडाऱ्यातल्या एका मंडळानं तिचा सत्कार ठेवला आणि पाहुणा म्हणून त्या समीक्षकालाच बोलावलं. पांढऱ्या केसांचा, हसतमुख माणूस. मंचामागच्या खोलीत त्यानं तिला वाकून नमस्कार केला.

"सायेब, तुमी लिवलं का बोलण्यावरून समजते मानूस कोन अन् राकस कोन," ती म्हणाली. "मंग मी कोन?"

"अहो, ते कौतुक आहे! आणि सिनेमातले राक्षस किती गोड आहेत. माणसांपेक्षा चांगले."

"गोड हायेत तं तुमच्यासारखे काहून नाही बोलत?"

तो मोठ्यानं हसला. मनापासून, कुठलाही हेतू नसल्यासारखा. "बघा, हे असं! हे दुसऱ्या कुणाला जमणार नाही."

मंचावर शाल, नारळ झालं. निवेदक माईकवर ओरडला, "मावशी, थो जेवाचा डायलॉग होऊन जाऊ द्या!"

ती माईकपुढे गेली. तिनं तोंड उघडण्याआधीच पहिल्या रांगा हसू लागल्या होत्या.

"मी थे म्हणनार नाही."

सभागृह हसलं.

"हासासाठी नाही बोलली मी थे. लेकराले झोपवून राहिली होती."

आणखी मोठा हशा. कोणीतरी शिट्टी मारली. "तुमच्या घरी माय कशी बोलते रे? सांगा नं! तिले हासता का तुमी?" ती ओरडली, आणि लोक पोट धरून हसले. समीक्षकानं डोळ्यांतलं पाणी पुसलं. रागावलेली राक्षसीण सिनेमातही अशीच होती.

तिनं शाल काढून खुर्चीवर टाकली आणि पायऱ्या उतरली. दारापर्यंत टाळ्या वाजत राहिल्या.

दिवाळीच्या तोंडावर नाटक कंपनीच्या मालकानं, धनीरामनं, तिला बोलावलं. "यंदा तुयं नाव मोठ्ठं टाकतो पोस्टरवर. मोलकरणीचे सीन वाढवून घेतले."

"मले नायकाच्या मायचं काम दे. पोरगं मरते थो सीन."

"त्याले शुद्ध लागते, बाई."

"शुद्ध नाही. आपल्या बोलीत करतो."

धनीराम समजावणीच्या सुरात म्हणाला, "रडाच्या सीनमंधी आपली बोली आली का पब्लिक हासते. तुले मालूम नाही का? तीस वर्ष तूच तं हासवलं."

हे तिच्या वर्मी लागलं. त्यांच्याच मंचावर राजा शुद्ध बोलत आला होता आणि पाणी भरणारी ती झाडीबोलीत. पुण्यामुंबईच्या माणसाला हे कोणी शिकवलं, ते तिनं आजवर स्वतःला विचारलं नव्हतं.

"मंग हासू दे," ती म्हणाली. "पन मोलकरीण मी करनार नाही."

"नाटक पडलं तं तुया माथ्यावर."

"माया माथ्यावर."

दुसऱ्या दिवशी सकाळी धानाच्या गोदामात तालीम लागली. मुलाचं काम करणारा तरुण नट सतरंजीवर मेल्यासारखा पडला. सत्यभामा त्याच्याजवळ बसली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

"कायचं झोपून राहिला रे बावा, उन्ह किती वर आलं..."

तबलजी फिसकन हसला. मग पेटीवाला. धनीरामनं मान दुसरीकडे वळवली. मांडीवरच्या पोराचंही पोट गदगदा हलू लागलं, मिटल्या डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या.

ती थांबली. त्याच्या कपाळावरचे केस तिनं बाजूला केले, त्याचं हसू पार ओसरेपर्यंत वाट पाहिली आणि पहिल्या शब्दापासून पुन्हा सुरू केलं.