रियलाइजचं वाक्य

आमच्या शीतगृहात इंग्रजीचा तास दुपारी दीडला असतो. जेवण अंगावर आलेलं असतं, डोळे मिटायला लागलेले असतात, आणि नेमके तेव्हाच साहेब फळ्यावर खडू घासायला लागतात. का, तर रजिस्टरातल्या नोंदी इंग्रजीत हव्यात. आता मला सांगा, दार बंद होतं की उघडं, हे लिहायला इंग्रजी कशाला लागतं? पण नोकरी आहे, बसावं लागतं.

त्या दिवशी फळ्यावर तीन शब्द होते. नोटिस म्हणजे नजरेला पडणं. रियलाइज म्हणजे त्याचा अर्थ डोक्यात शिरणं. फाइंड आउट म्हणजे स्वतः जाऊन छडा लावणं.

"साहेब, आपल्याकडे 'कळलं' म्हटलं की तिन्ही कामं होतात," मी म्हणाले. फोर्कलिफ्टवाला खो खो हसला.

"तुम्हाला सगळं एकदम कळतं, वहिनी," साहेब म्हणाले. "बाकीच्यांना टप्प्याटप्प्याने कळतं."

मला इथे सगळे वहिनीच म्हणतात, कारण माझी नणंद इथेच कामाला आहे आणि तिने दिवसभर वहिनी वहिनी करून सगळ्यांना सवय लावली. नवऱ्याची धाकटी बहीण, राहते आमच्याकडेच. तिला मीच चिकटवली इथे. आज तिची खुर्ची रिकामी होती. सकाळीच न्हाणीघरावरून आमचं वाजलं होतं, जेवायलाही ती माझ्या टेबलावर आली नव्हती. पॅकिंगच्या पोरींबरोबर बसली असेल आणि आता दांडी मारली असेल, बसू दे, असं म्हणून मी मुद्दामच मान वळवली नाही.

"आज प्रत्यक्ष पाहिलेलं काहीतरी सांगा," साहेब म्हणाले. "वहिनी, तुमच्यापासून सुरू करू."

मी माझी एक वाजताची पाहणीची फेरी आठवली आणि ठोकून दिलं, "आय नोटिस्ड, सेव्हन नंबर कोट इज नॉट देअर."

आमच्याकडे प्रत्येकाचा जाड कोट आपापल्या नंबरच्या खुंटीला असतो. थंड खोलीत जाताना घालायचा, बाहेर आलं की परत टांगायचा. खुंटी रिकामी असली तर माणूस आत, इतका सोपा हिशोब. पण सात नंबर म्हणजे आमच्या नणंदबाई. त्यांचा कोट खुंटी सोडून सगळीकडे असतो. कधी खुर्चीवर, कधी जेवणघरातल्या बाकावर उशीला. त्यामुळे रिकामी खुंटी बघून मी नेहमीसारखं नाक मुरडलं आणि पुढे गेले.

"उत्तम," साहेब म्हणाले. "आता त्याच्यावरूनच रियलाइजचं एक वाक्य करा."

"आय रियलाइज्ड," मी म्हणाले आणि माझी नजर तिच्या खुर्चीवर गेली. पाठीवर कोट नव्हता. जेवणघरातल्या बाकावरही नव्हता, तिथून तर मी आत्ताच उठून आले होते. पॅकिंगच्या चारही पोरी समोर बसल्या होत्या.

"ही तुमच्याबरोबर जेवली ना?" मी विचारलं. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं आणि नकारार्थी माना हलवल्या.

मग मला त्याच्याही पुढचं आठवलं. एक वाजता तीन नंबरच्या खोलीचा दिवा चालू होता. दिव्याचं बटण बाहेर असतं. ते बंद करण्याआधी दार उघडून आत हाक मारायची, असा नियम आहे. पण हाक मारायची म्हणजे उणे अठराची थंडी अंगावर घ्यायची. मी बटण तसंच बंद केलं होतं, वर वीज वाया घालवतात म्हणून पुटपुटलेही होते. आतून दार उघडायचा दांडा आठ दिवस अडकत होता आणि त्या जाड दारातून आतला आवाज बाहेर येत नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

वाक्य तिथेच राहिलं. मी पळत सुटले. मनात एकच चाललं होतं: ती जिवंत असू दे, जन्मभर न्हाणीघर तिचं. फोर्कलिफ्टवाला मागून आला, त्याने दार ओढलं. माझा हात बटणापर्यंत जाईना. दिवा साहेबांनी लावला.

ती दाराला टेकून बसली होती. पापण्यांवर बर्फ होता. मी ओरडले तेव्हा तिने एक डोळा उघडला.

साहेबांच्या खोलीत तिला चार कोटांत गुंडाळलं. डॉक्टर निघाले होते. मी तिची बोटं माझ्या दोन्ही हातांत धरून चोळत होते आणि रडत होते. अर्ध्या तासाने तिच्या ओठांवर जरा रंग आला.

"आधी मी घाबरले नव्हते," ती अडखळत म्हणाली. "म्हटलं, एकची फेरी येईलच. मग दिवा गेला. म्हणजे कोणीतरी दाराशी आलं होतं, वहिनी. आलं आणि गेलं. मी किती बडवलं दार. त्याच्यानंतर मात्र मला वाटलं, संपलं."

साहेब माझ्याकडे बघत होते. एकची फेरी कोणाची, ते त्यांना रजिस्टर न उघडताही ठाऊक होतं. मला गप्प बसता आलं असतं.

"मी होते," मी म्हणाले. "दिवा मीच घालवला."

तिने माझ्या हातांतून आपली बोटं सोडवली आणि कोटाच्या बाहीत आत ओढून घेतली.