आठ सप्टेंबरच्या आतला साडू

सेलामीला पेन्शन लागली त्या दिवशी त्यानं कारखान्यात बकलाव्याची मिठाई वाटली. खोका माझ्यापुढे आला तेव्हा मी दोन तुकडे उचलले. एकच उचलला असता तर लोक म्हणाले असते, याच्या पोटात दुखतंय.

दुखत होतंच. सेलामी माझा साडू. माझी बायको शेंगुल आणि त्याची बायको नुरजान सख्ख्या बहिणी, शेंगुल थोरली. आम्ही दोघं तुर्कस्तानातल्या इनेगोल गावच्या एकाच खुर्च्यांच्या कारखान्यात पंचवीस वर्षं. मी लाकडाला पॉलिश मारतो, तो गाद्या बसवतो. इतकी वर्षं आमचा पगार सारखा, सुट्टी सारखी, हिवाळ्यात खोकलासुद्धा सारखा. फरक एकाच गोष्टीत पडला. सरकारी विम्यात त्याचं नाव १९९९ सालच्या आठ सप्टेंबरच्या आत लागलं आणि माझं पुढच्या सोमवारी.

त्या वेळी या तारखेला कोणी विचारत नव्हतं. पुढे तेवीस वर्षांनी निवडणूक तोंडावर आली आणि राष्ट्राध्यक्षांनी टीव्हीवर जाहीर केलं की आठ सप्टेंबरपर्यंत ज्यांची नावं लागली त्यांना पेन्शनसाठी वयाची अट नाही. नोकरीची वर्षं भरली की झालं. बाकीच्यांनी साठीपर्यंत थांबायचं. आम्ही सगळे जेवणाच्या खोलीत उभे होतो. सेलामीनं आधी उस्ताला, म्हणजे आमच्या मालकाला मिठी मारली, मग मला.

"तहसीन, तुझं कधीचं रे?"

"सोमवारचं."

"कुठल्या सोमवारचं?"

"तुझ्या नंतरच्या."

तो हसायचा थांबला, पण डोळे हसत राहिले. ते मी पाहिलं.

आता त्याची वर्षं भरली. शुक्रवारी तो निवृत्त झाला, ग्रॅच्युइटी घेतली, आणि सोमवारी सकाळी माझ्या शेजारच्या त्याच बाकावर त्याच एप्रनमध्ये येऊन बसला. आमच्याकडे असं सगळेच करतात. पेन्शन चालू, पगारही चालू. मालकाला जुना हात मिळतो, माणसाला दोन्ही बाजूंनी पैसा. माझ्यासारख्यांचं मात्र वेगळं होतं. पगार वाढला की चीजवाला, भाडेवाला, बसवाला सगळे आठवड्याच्या आत वाढायचे. वाढ हातात पडायच्या आधीच संपायची. चहाच्या दुकानात सेलामी म्हणायचा, "काही म्हणा, या राष्ट्राध्यक्षाच्या राज्यात गरिबाला मिळालं." मी म्हणायचो, "कुठल्या गरिबाला? नाव सांग." लोक हसायचे. मी हसवायला बोलत नव्हतो.

शेंगुल हे काही बघायला राहिली नाही. टीव्हीवर ते जाहीर झालं त्याच्या दोन महिने आधी ती गेली. आणि माझा राग खरा तिच्यावरच होता, कारण माझी जागा तिनं देऊन टाकली होती.

त्याचं असं झालं. आम्ही दोघं नवीन होतो तेव्हा उस्ताकडे पैसा नव्हता. विम्याचे हप्ते दोघांचे एकदम भरायला जमणार नाहीत म्हणाला. "या आठवड्यात एकाचं नाव लावतो, पुढच्या आठवड्यात दुसऱ्याचं. तहसीन, तू आधी आलास, तुझं आधी." मी घरी सांगितलं. शेंगुल चहा गाळत होती. म्हणाली, "सेलामीचं आधी लावायला सांग."

"का?"

"नुरजानला सातवा महिना आहे. विमा असला तर दवाखान्याचं बघतील. आपल्याला काय, आठ दिवसांनी काय बिघडतंय?"

मला पटलं. मी उस्ताला सांगितलं. शेंगुलनं वर मला शपथ घातली की सेलामीला हे कधी कळता कामा नये. "उपकार कळला की तो वाकडा होईल, आणि वचपा माझ्या बहिणीवर काढेल." बाळंतपणाच्या वेळी समजलं की त्यासाठी आधी काही महिने हप्ते भरलेले लागतात. दवाखान्याचे पैसे त्यांनी खिशातूनच दिले. म्हणजे ज्यासाठी दिली त्यासाठी माझी जागा कामाला आलीच नाही. ती कामाला आली पंचवीस वर्षांनी.

मी शपथ पाळली. सेलामी मात्र चारचौघांत सांगायचा की उस्तानं दोघांचे हात पाहिले आणि त्याला आधी निवडलं. "गादीला टाका कसा घालतो ते बघूनच म्हणाला, याचं नाव लावा." मी शेजारी बसून हे ऐकायचो. शेंगुल असताना घरी येऊन तिला नक्कल करून दाखवायचो आणि ती पोट धरून हसायची. ती गेल्यावर त्यातलं हसणं गेलं.

मग घराचं निघालं. मी भाड्यानं राहतो. घरमालक रिफ्की हाजी खालच्या मजल्यावर, म्हातारा माणूस, मुलीकडे बुर्साला जायला निघालेला. एके दिवशी जिन्यात थांबवून म्हणाला, "बाळा, बाजाराइतकं भाडं वाढवलं तर तुला झेपत नाही, न वाढवलं तर मला झेपत नाही. विकून टाकतो. पण आधी तुला विचारतोय."

त्या घरात आम्ही एकोणीस वर्षं काढली. स्वयंपाकघराची एक भिंत वाकडी आहे. तिला बसेल असं कपाट मी सलग तीन रविवार घालून तिथंच उभं केलं. शेंगुल बाजूला उभी राहून सांगायची, इथं अजून घास, तिथं अजून घास. ते कपाट दुसऱ्या कुठल्याच भिंतीला लागणार नाही. मला दुसरं काही नको होतं. त्या स्वयंपाकघरात म्हातारं व्हायचं होतं, एवढंच.

मी उस्ताकडे गेलो. तो म्हणाला, "ग्रॅच्युइटी हवी तर नोकरी सोडावी लागेल." बँकेत गेलो. तिथली मुलगी म्हणाली, "काका, नोकरी सोडलीत तर कर्ज कशावर देऊ? पेन्शन आहे का?" शेंगुलच्या बांगड्या तिच्या आजारपणातच गेल्या होत्या. परत येताना डोळ्यांपुढे मला सेलामी दिसत होता. त्याला ग्रॅच्युइटी मिळाली, पगार आहे, पेन्शनवर बँक कर्ज देते, आणि घरी जाऊन दार वाजवलं की आतून कोणी "आले, आले" म्हणतं.

पुढच्या रविवारी दोघं माझ्याकडे आली. नुरजाननं द्राक्षाच्या पानांत भरलेल्या भाताचं पातेलं आणलं होतं.

"दाजी, किती वाळलात हो. जेवता तरी का?"

"जेवतो."

"काय जेवता? ब्रेड आणि ऑलिव्ह. ताई असती तर तुम्हाला असं बघून मला बडवलं असतं."

सेलामी खुर्चीच्या काठावर बसला होता. स्वतः बसवलेल्या गादीवर माणूस इतका अवघडून बसलेला मी पाहिला नव्हता. चहा संपला तसा म्हणाला, "हे बघ तहसीन, आडून बोलायला मला येत नाही. रिफ्की हाजीचं हे घर आम्ही घेतोय."

मी माझा रिकामा ग्लास उचलून पुन्हा खाली ठेवला.

"बातुहानसाठी. मुलीकडचे म्हणतात, आधी घर दाखवा, मग पुढचं बोलू."

बातुहान त्यांचा थोरला. ज्याच्यासाठी माझी जागा गेली होती, तोच.

"आणि मी?"

"तुला कोण घाई करतंय? वसंतापर्यंत राहा की. दुसरं बघू आपण मिळून. एकट्या माणसाला एक खोली पुरते."

"एकट्या माणसाला," मी म्हणालो.

नुरजाननं त्याला कोपर मारलं. "नीट बोल ना!"

"मी काय वाईट बोललो? मी नाही घेतलं तर कुणी परका घेईल. तो उद्याच बाहेर काढेल."

"परक्यानं काढलं तर चालेल मला."

"म्हणजे?"

"तू कोर्टात जा सेलामी. घर खाली करून घ्यायला दोन-तीन वर्षं लागतात. तोवर मी इथंच. पोराला सांग, लग्नाला घाई करू नको."

"साडूला कोर्टात खेचू? लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

"घालू देत. साखर महाग आहे, निदान शेण तरी खा."

नुरजान फिसकन हसली आणि लगेच तिनं तोंडावर हात धरला. सेलामी लाल झाला.

"तू जळतोस," तो म्हणाला. "दोन वर्षं बघतोय मी. पेन्शनचं नाव काढलं की तुझं तोंड कडू. अरे, मी काय चोरी केली का? उस्तानं हात बघून निवडलं मला. दोघांत मी सरस होतो, त्याचं फळ..."

"तुझा हात कोणी बघितला नाही," मी म्हणालो. "माझं नाव आधी होतं. नुरजान गरोदर होती म्हणून शेंगुलनं तुझं लावायला सांगितलं. मी जाऊन उस्ताला सांगितलं. विचार त्याला."

बोललो आणि मला इतकं बरं वाटलं की खोटं कशाला सांगू. बायको गेल्यापासून तेवढं बरं एकदाही वाटलं नव्हतं. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. ते हळूहळू उतरताना बघायचं होतं मला.

तो नुरजानकडे वळला. "काय बोलतोय हा?"

नुरजाननं चहाचा ग्लास बशीत ठेवला. "खरं बोलतायत."

"तुला माहीत होतं?"

"मीच सांगितलं होतं ताईला. तिच्या गळ्यात पडून रडले होते. म्हटलं, याला दवाखान्याचं काही कळत नाही, तूच काहीतरी कर."

"आणि पंचवीस वर्षं मी सगळ्या इनेगोलला सांगत फिरतोय, तू गप्प?"

"तू इतका खूश व्हायचास सांगताना. काय बोलू मी?"

सेलामी उठला, बूट घालायला दाराशी गेला आणि एका पायाचा बूट दुसऱ्या पायात घालायला लागला. मी जिंकलो होतो. पण माझं लक्ष त्याच्यावर नव्हतंच आता. मला इतकी वर्षं वाटत होतं की ते शेंगुलच्या स्वतःच्या मनातलं होतं. चहा गाळता गाळता सुचलेलं. तिनं मला कधीच सांगितलं नाही की बहीण येऊन रडून गेली होती. एका घरात राहून, एका ताटात जेवून, तिनं ते माझ्यापासून राखून ठेवलं, आणि ते नुरजानपाशी होतं.

"ती काय म्हणाली तुला?" मी नुरजानला विचारलं. "तू रडलीस तेव्हा?"

"म्हणाली, तहसीनचं मी बघते. तो माझ्या शब्दाबाहेर जात नाही." मग तिला वाटलं मला वाईट वाटेल. "कौतुकानं म्हणाली हो, दाजी."

सेलामीच्या पेन्शनवर मी जळलो होतो ते याच्यापुढे काहीच नव्हतं. माझ्या बायकोचा एक दिवस माझ्या मेहुणीपाशी होता आणि मला तो आज, पातेल्यातल्या भातासारखा, वाढून मिळाला होता. अजून किती असतील तिच्यापाशी, कोण जाणे. विचारायची लाज वाटली. ती दोघं जिना उतरताना भांडत होती. नुरजान म्हणाली, "बूट नीट घाल आधी, पडशील." मी दार लावलं.

दोन आठवडे सेलामी कारखान्यात माझ्याशी बोलला नाही. हात बघून निवडल्याची गोष्टही त्यानं कुणाला सांगितली नाही. उस्तानं विचारलं, "काय रे, साडूंचं कुठं बिनसलं?" दोघंही म्हणालो, काही नाही.

तिसऱ्या आठवड्यात तो पॉलिशच्या खोलीत आला. नाकाला रुमाल लावून उभा राहिला.

"घर घेतलं. कागद झाले."

"बरं."

"बातुहान भाड्यानं राहील, नोकरीजवळ. मुलीकडच्यांना मी सांगितलं की घर आहे, पण त्यात आमचा माणूस राहतो. तयार झाले. तू राहा."

"किती वर्षं?"

"मी विचारलं का किती वर्षं? राहा. भाडं आहे तेच."

"मला उपकार नको, सेलामी."

"उपकार कसला, डोंबलाचा! नुरजान बोलत नाहीये माझ्याशी. रोज थंड सूप खातोय मी. तू हो म्हण, म्हणजे मला गरम मिळेल."

मी हो म्हटलं. नाही म्हणायला मला घर सोडायची तयारी लागली असती, ती नव्हती. तसाही मी माझ्या माणसांच्या शब्दाबाहेर जात नाही.

तर घर राहिलं. सकाळी मी त्याच स्वयंपाकघरात चहा करतो. नुरजान गुरुवारी काहीतरी शिजवून आणते, आणि मी तिला सहज विचारल्यासारखं विचारतो, ताई लहानपणी कशी होती, ताई तुला माझ्याबद्दल काय सांगायची. ती एखादी गोष्ट सांगते, घड्याळ बघते आणि निघते. खाली सेलामी गाडीत थांबलेला असतो. मी खिडकीतून बघतो. ती बसली की तो आधी काहीतरी बोलतो, मगच गाडी चालू करतो.

चहाच्या दुकानात त्याच्याकडे आता नवीन गोष्ट आहे. "एवढं घर घेतलं, पण साडूला बाहेर काढलं नाही. पोराला भाड्यानं ठेवलं, साडूला घरात. काय करणार, माणसाकडे बघावं लागतं." म्हातारे माना डोलावतात. कोणीतरी माझ्याकडे वळून म्हणतं, "तहसीन, असा साडू मिळायला नशीब लागतं बघ."

"लागतं," मी म्हणतो, आणि पैसे द्यायला उठतो. पोऱ्या सांगतो, सेलामी काकांनी दिलेत.